पेवातला पांढरा दिवा

दिवा पांढराशुभ्र जळत होता आणि माझा थोरला मुलगा पेवाच्या तळाशी शिडीला लोंबकळत होता. उजवा हात कोपरात वळून पायरीला अडकलेला, मान छातीवर, पाय खालच्या कुजक्या पाचटाच्या वर लोंबते. मी वरून तीनदा हाक मारली. त्यानं मान वर केली नाही. तेवढ्यात धाकटा मुलगा चपला काढून पेवाच्या तोंडाशी आला, आणि मी त्याच्या पोटरीवर काठी हाणली.

"आई, बाजूला सर! दादा मरंल तिथं!"

"तू उतरलास तर दोगंबी मरशीला. मागं हो."

"एवढ्यात बांधून आणतो की!"

"त्योबी एवढ्यातच येनार हुता."

थोरली सून माझ्या दंडाला धरून ओढत होती. ती आयुष्यात माझ्याशी वर आवाज करून बोलली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "पोटचा हाय न्हवं तुमच्या? का दुसऱ्या कुणाचा हाय म्हून बसलाय बगत?"

मी पेवाच्या काठावर बसले आणि काठी तोंडावर आडवी धरली. धाकटा माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा. मला उचलून बाजूला ठेवायला त्याला क्षण लागला नसता. पण आईला हात लावायची त्याला सवय नव्हती, तेवढ्यावर तो थांबला. मी नातीला म्हणाले, "स्कूटी काढ. देवळामागच्या बोळात जा. पेवातला म्हातारा हमाल हाय, त्याला घेऊन ये. कसा असंल तसा." ती रडत होती, पण गेली. धाकट्याला म्हणाले, "तू १०८ ला फोन लाव." तो फोन लावत राहिला. सून भिंतीला डोकं आपटत राहिली.

आता पेव म्हणजे काय ते सांगते. पेपरात रोज लिहितात, क्लासचं पेव फुटलं, दवाखान्यांचं पेव फुटलं. लिहिणाऱ्यानं पेव बघितलेलं नसतं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली हळदीची कोठी. सांगलीच्या अंगाला नदीकाठी आमचं गाव आहे, तिथली माती अशी की तीन पुरुष खोल खणलं तरी भिंत ढासळत नाही आणि ओल येत नाही. वर तोंड अडीच हाताचं, एक माणूस जेमतेम जाईल एवढं. आत रांजणासारखं पोट. तळाला आणि कडेनं उसाचं पाचट लावायचं, त्यावर चटया, आणि मग मोकळी हळद ओतायची, पोत्यात न भरता. तोंडावर फरशी, फरशीवर माती, मातीवर शेणकाला. चार-पाच वर्षं हळद तशीच राहायची, किडा लागायचा नाही, रंग उतरायचा नाही. जमिनीखाली हळद आणि वरून बैलगाड्या जायच्या.

माझं माहेर सातारच्या बाजूचं, कोरेगावाकडचं. हळद आमच्याकडेही होती, पण पेव नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मी चौथी शिकलेली सतरा वर्षांची मुलगी, आणि अंगणात चालताना आपल्या पायाखाली पोकळ आहे या भीतीनं मी भिंतीकडेनं चालायची. सासऱ्यांनी ते बघितलं. त्यांनी मला बोलावलं, हातात कंदील दिला आणि म्हणाले, "काच पूस. पेव उगडायच्या दिवशी काच पुसायची ती तूच. काजळी धरली तर दिवा खोटं बोलतो."

तेव्हापासून ते काम माझं. पेव आदल्या संध्याकाळी उघडायचं. रात्रभर तोंड मोकळं ठेवायचं, मांजर-कुत्रं पडू नये म्हणून वर खाट आडवी टाकायची. सकाळी कंदील पेटवून दोरीनं हळूहळू खाली सोडायचा. तळाला टेकेपर्यंत ज्योत नीट राहिली तर माणूस उतरायचा. ज्योत लाल झाली, बारीक झाली, विझली, तर त्या दिवशी पेवात कुणी उतरायचं नाही. खाली वाईट हवा साठते. ती डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. ज्योतीला कळते.

मी हे सगळं माझ्या मुलांना कधी सांगितलं नाही. सांगायचं काय? ती अंगणातच वाढली. कंदील खाली जाताना ती दर वेळी बघायची. बघून कळतं असं आम्ही धरून चाललो.

मोठा पूर आला त्या वर्षी गावातल्या निम्म्या पेवांत पाणी शिरलं. आमचं अंगण उंचावर, आमचं पेव वाचलं, पण शेजारपाजारची हळद कुजून तिचा वास महिनाभर गावात होता. त्यानंतर व्यापारी म्हणाले, आता माल पोत्यात भरून गोदामात ठेवा. मग शीतगृहं आली. हमालांना कुणी बोलावलं नाही. आमच्या पेवातली शेवटची हळद निघाली, माझ्या मालकांनी फरशी टाकली, मी शेणकाला फिरवला, आणि पुढं मालकही गेले. त्या फरशीवर मी बरीच वर्षं वाळवणं घातली. कुरडया घातल्या, सांडगे घातले.

फेब्रुवारीत नातीचा फोन आला. थोरल्याची ही मुलगी साताऱ्याला कॉलेजात इंग्रजी शिकते. तिचे सर जुन्या साठवणीच्या पद्धतींवर पुस्तक लिहीत होते. त्यांना पेव आतून बघायचं होतं. थोरल्याला आनंद झाला. तो फौजेतून हवालदार होऊन परत आला त्यालाही आठ वर्षं झाली होती. घरी त्याला कुणी काही विचारत नव्हतं, शेती धाकटा बघत होता. कुणीतरी साताऱ्याहून आपलं काही बघायला येणार म्हटल्यावर त्यानं मिशीला कात्री लावली आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. आल्या आल्या पाया पडले, चहा घेतला, साखर कमी टाका म्हणाले नाहीत. थोरल्यानं आठच्या सुमाराला पहारीनं फरशी सरकवून ठेवली होती. सरांनी तोंडातून आत डोकावून दोन-तीन फोटो काढले. मग नातीला इंग्रजीत एक वाक्य सांगितलं, ते तिनं वहीत लिहून घेतलं.

मी विचारलं, "काय म्हनाले गं?"

"काही नाही आज्जी. पेवं वापरातनं गेली, असं."

"एवढ्याला एवढा लांबलचक शब्द लागला?"

सर हसले. म्हणाले, "आजी, शब्द आहे डेस्विट्यूड. म्हणजे वापरात नसणं. पण आता इंग्रजीतसुद्धा हा शब्द फार कुणी वापरत नाही."

"म्हंजे त्यालाबी फरशी टाकलीया."

ते मोठ्यानं हसले. थोरला म्हणाला, "आईपुढं बोलायची सोय न्हाई सर, फौजेतल्या आमच्या सीओ सायबालाबी ती ऐकली नसती."

मला त्या शब्दाचा राग आला होता. वापरातून गेली म्हणे. पेवं काय स्वतः उठून गेली? मी विचारलं, "ह्यो शब्द आला कुठनं?"

सरांना कुणी असं विचारलेलं आवडलं असावं. पायरीवर माझ्याजवळ बसले आणि नीट सांगितलं. लॅटिन म्हणून एक फार जुनी भाषा, तिच्यातून आला. त्या भाषेत 'सुएस्केरे' म्हणजे सवय होणं, अंगवळणी पडणं. त्याच्या पुढं 'डे' लावलं की उलटं होतं. अंगवळणी पडलेलं अंगातून निघून जाणं. कस्टम, म्हणजे रूढी, हा इंग्रजी शब्दही त्याच मुळाचा. रूढी लागते तोही त्याच झाडाचा शब्द आणि सुटते तोही. काही देशांत म्हणे कायद्यातही हा शब्द चालतो. एखादा जुना कायदा कुणीच पाळला नाही, कुणी कुणाला त्याबद्दल पकडलं नाही, तर बऱ्याच वर्षांनी तो मेला असं न्यायाधीश धरतात. कुणी तो रद्द केलेला नसतो. नुसता न पाळून मरतो.

मी म्हणाले, "मग तुमचं वाक्य चुकलं."

"कसं?"

"वापर बंद हुनं एक आन् सवय सुटनं एक. गिरन बंद पडती, ती कुनीतरी बंद करतं. आमची पेवं बंद केली ती गोदामवाल्यांनी, व्यापाऱ्यांनी, आनि आमीबी. सवय सुटती ती मानसाची. पेवाला कसली सवय? तुमी लिवताय कुनाबद्दल, खड्ड्याबद्दल का मानसाबद्दल?"

सरांनी वही काढली आणि मी बोलले ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नात माझ्याकडे बघून हसली. मला बरं वाटलं. चौथी शिकलेल्या बाईचं बोलणं कॉलेजचा मास्तर लिहून घेतो, म्हणून मी पदर नीट केला. हे आठवलं की आजही अंगाची आग होते. सवय माणसाची सुटते असं त्यांना शिकवून तासही झाला नव्हता, तोवर माझी सुटलेली सवय अंगणात सगळ्यांसमोर आली.

सरांना बाराची गाडी होती. पेव उघडून दोन तास झाले होते. रात्रभर मोकळं ठेवायचं असतं हे मी म्हणाले. म्हणाले खरं, पण कसं? सांडगे आज घालायचे होते ते उद्या घालू, अशा आवाजात म्हणाले. थोरला म्हणाला, "आई, फौजेत बंकरात महिना-महिना काढलाय. दोन तास लय झाले." मी पुढं बोलले नाही. मुलाला पाहुण्यासमोर अडवणं मला बरं वाटलं नाही. हा माझा पहिला गुन्हा.

मग तो म्हणाला, "पन दिवा सोडल्याबिगर उतरनार न्हाई. बाबांनी कदी उतरू दिलं न्हाई." सरांकडे बघून अभिमानानं म्हणाला, "आमच्यात तशी पद्धत हाय."

घरात कंदील नव्हता. रेशनचं रॉकेल बंद झालं त्या वर्षी मी तो भंगारवाल्याला दिला. थोरल्यानं वीज गेल्यावर लावायचा चार्जिंगचा दिवा आणला, त्याच्या कडीत सुतळी ओवली आणि सोडला. दिवा खाली खाली गेला. भिंतीवरची जुनी चुन्याची रेघ दिसली, तळाचं पाचट दिसलं, पाचटात पिवळी हळकुंडं दिसली. सरांनी फोटो काढला. थोरला वाकून बघत होता. त्याला वाटत होतं, त्याचे बाबा दिवा खाली बघण्यासाठी सोडायचे. लहानपणी त्यानं पन्नास वेळा ते बघितलं होतं आणि त्याला ते एवढंच कळलं होतं.

पण मला तर माहीत होतं. काच मीच पुसायची. मीही त्या तोंडातून वाकून बघितलं. उजेड लख्ख होता, हलत नव्हता, लाल होत नव्हता. बॅटरीचा उजेड कसा लाल होईल? त्याला हवा लागतच नाही. त्याला पाण्यात सोडलं असतं तरी तो जळला असता. हे मला त्या वेळी सुचलं नाही. सासऱ्यांनी शिकवल्याप्रमाणे मी दिवा बघितला, दिवा जळत होता, आणि मी म्हणाले, "जळतोय. उतर."

कुणी मला विचारलंही नव्हतं. मी आपणहून म्हणाले.

त्यानं वायरमनकडून ॲल्युमिनियमची शिडी आणली होती. कमरेला दोर बांध म्हणून धाकटा म्हणाला. "हॅट, बुजगावणं हाय का मी?" म्हणत तो तसाच उतरला. खालून त्याचा आवाज आला, घुमून, "सर, अजून हळकुंडं हायत की! घावली!" तो वाकला. वरून त्याची पाठ दिसली. मग बराच वेळ तो वाकलेलाच राहिला. मग उभा राहिला, शिडी धरली आणि म्हणाला, "आई, गरगरतंय गं." दोन पायऱ्या चढला. तिसऱ्या पायरीला त्यानं हात कोपरातून अडकवला आणि मान टाकली.

त्याच क्षणी मला सगळं कळलं. वाईट एवढंच की त्याच क्षणी कळलं, घटकाभर आधी नाही.

धाकट्याला मी का अडवलं हे गावात अजून विचारतात. पेवाच्या गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायची. पेवात एक पडला तर त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. प्रत्येकाला वाटतं, मी दम धरून पटकन येईन. मी सून म्हणून नवीन होते तेव्हा खालच्या आळीत एका घरचे दोन भाऊ असे गेले होते. तिसऱ्याला त्याच्या आईनं केसाला धरून मागं ओढलं होतं. तेव्हा बायका त्या आईला नावं ठेवायच्या. मीही ठेवली होती.

नात म्हाताऱ्याला स्कूटीवर मागं बसवून घेऊन आली. त्याच्या अंगात बंडी होती आणि एका पायात चप्पल. हा आमच्या पेवात तीस वर्षं उतरला. मालकांच्या बरोबरीचा, त्यांना नावानं हाक मारणारा. तरी त्याचं जेवण आम्ही अंगणात वाढायचो आणि ताट तो स्वतः धुवून पालथं घालायचा. पेव बंद झालं त्या दिवसापासून त्याच्या दारात मी एकदाही गेले नव्हते. तो जिवंत आहे हे मला माहीत होतं, कारण मेल्याचं ऐकलं नव्हतं.

त्यानं आत बघितलं आणि पहिलं वाक्य मला म्हणाला, "वैनी, ह्यो कसला दिवा सोडला?"

"चुकलं, भावजी."

"चुकलं न्हवं, मारलंसा पोराला." मग धाकट्याला म्हणाला, "बादली आन. देवातली समई आन, पेटवून. दोर आन, लांब. घोंगडं हाय का घरात? भिजीव."

त्यानं समई बादलीत ठेवून सोडली. ज्योत खाली जात राहिली. थोरल्याच्या डोक्याजवळून गेली, तेव्हा जळत होती. छातीजवळ गेली, बारीक झाली. कमरेच्या खाली गेली आणि विझली. म्हाताऱ्यानं दोरीवर जिथं विझली तिथं गाठ मारली.

"कमरंइतकं हाय," तो म्हणाला. "पान्यागत. डोस्कं वर हाय त्याचं. चढला म्हून वाचला. अजून वाचलाय का न्हाई, ते बगू."

सून ओरडली, "मग उतरा की!"

"उतरतो बाय. आदी वारं घालू दे. मी मेलो तर ह्याला कोन काडनार, तुजा सासरा?"

त्यानं ओलं घोंगडं दोराला बांधलं आणि पेवात खालीवर, खालीवर करायला लावलं, छत्रीसारखं पसरून सोडायचं आणि झटक्यानं ओढायचं. धाकटा आणि शेजारचे दोघे ते करत होते. सर घोंगड्याला पाणी घालत होते. त्यांचा शर्ट भिजला होता, ओठ पांढरे झाले होते. म्हाताऱ्यानं समई पुन्हा सोडली. आता गुडघ्याजवळ विझली. तिसऱ्यांदा सोडली तेव्हा पाचटावर टेकल्यावरच विझली.

मग त्यानं स्वतःच्या छातीला दोर बांधून घेतला. दुसरा दोर हातात घेतला. धाकट्याला म्हणाला, "मी मोजतो. मोजायचं थांबलो की वडायचं. मी मदी 'थांब' म्हनलो तरी वडायचं. वाईट हवेतला मानूस खुळ्यागत बोलतो."

आणि तो मोजत उतरला. हळद मोजताना मोजायचे तसं. मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ... दोन... तीन..." पंच्याहत्तरीचा माणूस, एका पायात चप्पल, एका हातानं शिडी धरून. तळाला त्यानं पाय टेकला नाही. वरच्याच पायरीवर उभा राहिला, थोरल्याच्या काखेतून दोर घातला, गाठ मारली. "अकरा... बारा..." आवाज जड झाला. "तेरा." मग पुढचा आकडा आला नाही.

मी ओरडले, "वडा!"

दोघांनी त्याला ओढलं. तोंडापर्यंत आला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि त्याला ओकारी येत होती. त्याला अंगणात आडवं टाकलं आणि मग सगळ्यांनी मिळून थोरल्याला ओढलं. तोंड अडीच हाताचं, आणि थोरल्याचे खांदे रुंद. दोन्ही बाजूनं त्याची कातडी सोलून निघाली. ओठ निळे. मी त्याच्या छातीवर कान ठेवला. मला काही ऐकू आलं नाही. कानही माझा म्हातारा. नातीनं नाकापुढं हात धरला आणि म्हणाली, "आज्जी, आहे. आहे थोडा."

१०८ ची गाडी तेवढ्यात आली. थोरल्याला आत घेतलं. म्हातारा पायरीवर बसला होता, त्याला गाडीतली माणसं विचारेनात. कुणी ध्यान दिलं नाही. मी गाडीच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "ह्यालाबी घ्या. न्हाईतर दार लावू देनार न्हाई." गाडीतला मुलगा म्हणाला, जागा नाही. मी म्हणाले, "जागा करा." जागा झाली.

सर बाराच्या गाडीनं गेले नाहीत. दवाखान्याच्या बाहेर दोन दिवस बसून होते. पुढं त्यांचं पुस्तक आलं. पातळ आहे, कागद चांगला आहे. नातीनं मला आमच्या पेवाचं पान मराठीत करून वाचून दाखवलं. तो लांब शब्द आहे, लॅटिन आहे, कायद्याचंही आहे. पांढऱ्या उजेडात दिसणाऱ्या हळकुंडांचा फोटो आहे. मी बोलले ते 'एक वृद्ध महिला म्हणाली' म्हणून आहे. मुलाचं काही नाही, हमालाचं काही नाही. मी नातीला विचारलं, का नाही? ती म्हणाली, "आज्जी, सरांना वाटलं तुला वाईट वाटेल."

मला वाईट वाटेल! आणि उद्या दुसऱ्या एखाद्या गावात तो फोटो बघून कुणी आपल्या अंगणातली फरशी सरकवली आणि बॅटरीचा दिवा सोडला, तर? मी तिला म्हणाले, त्यांना लिहून कळव. ती म्हणाली, तूच लिही. म्हणून हे लिहिलं. ज्याच्या अंगणात पेव आहे त्यानं वाचावं. ज्योत सोडा, बॅटरी सोडू नका. रात्रभर मोकळं ठेवा. पाहुण्याची गाडी चुकली तर चुकू द्या.

दवाखान्यात दोघांना एकाच खोलीत ठेवलं होतं. म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. जाताना थोरल्याच्या खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, "लय जड हायेस रं गड्या." थोरल्यानं डोळे उघडले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला किती वेळ हवा मिळाली नाही ते सांगता येत नाही, बघू. सून माझ्याशी बोलत नव्हती. मी तिला डबा दिला, तिनं तो खाटेखाली ठेवला. माझी तक्रार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही सासूशी बोलले नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यानं पाणी मागितलं. सुनेला नावानं हाक मारून मागितलं, म्हणजे ओळखलं. मला ओळखलं ते दुपारी. आजही त्याला कधी कधी शब्द सापडत नाहीत, आणि डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. एरवी तो बरा आहे. माझा थोरला मुलगा जगला. त्याला काढायला उतरलेला हमालही जगला.